हातभट्टी त्यांची आणि हातभट्टी आपली

स्कॉच म्हटलं की आपल्याकडे आवाज बदलतो. "परंपरा", "वारसा", "दोनशे वर्षांची कला". आणि मोहाची म्हटलं की लगेच पोलीस, धाड, फोडलेली मडकी. मंडळी, हा फरक दारूतला नाही, कायद्यातला आहे. पटत नसेल तर एका स्कॉच भट्टीचा इतिहास बघा.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला किंटायर नावाचं लांबट द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाशी कॅम्पबेलटाउन हे छोटं बंदर. तिथली स्प्रिंगबँक डिस्टिलरी १८२८ सालची. ती उभी राहिली कुठे? आर्चिबाल्ड मिचेल या गृहस्थांच्या बेकायदा भट्टीच्या जागेवर! होय, हातभट्टीच. त्या काळी स्कॉटलंडभर चोरून दारू गाळली जायची आणि अबकारीवाले मागे धावायचे. अगदी आपल्यासारखंच.

मग १८२३ साली ब्रिटिश संसदेने नवा अबकारी कायदा केला. कर कमी केला, वर्षाला दहा पौंडांत परवाना दिला. चोरून गाळणारे हळूहळू परवानाधारक झाले. कालचा गुन्हा आज उद्योग झाला आणि त्याच उद्योगाला आता आपण वारसा म्हणून हात जोडतो.

आता त्याच साम्राज्याने आपल्याकडे काय केलं? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद होत गेल्या आणि धंदा मोठ्या ठेकेदारांच्या मध्यवर्ती डिस्टिलऱ्यांकडे गेला. १८९२ ला तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवर बंधनं घालणारा खास कायदा आला. म्हणजे तिकडे भट्टीला परवाना आणि इकडे झाडाच्या फुलावरही पहारा. साहेब गेला, पण त्याची नजर आपण जपून ठेवली.

स्प्रिंगबँक १८३७ पासून मिचेल घराण्याकडे राहिली. तिथे आजही सगळं जव जमिनीवर पसरून, फावड्याने उलटंपालटं करून अंकुरवतात. बहुतेक डिस्टिलऱ्या हे काम कधीच सोडून कारखान्यातून तयार माल्ट आणतात. इथे अंकुरवणं, गाळणं, पिंपात मुरवणं, बाटलीत भरणं, सगळं एकाच गावात. स्प्रिंगबँक नावाची व्हिस्की "अडीच वेळा" गाळतात, लाँगरो दोनदा, हेझलबर्न तीनदा. यंत्राने माणसं कमी लागली असती, पण त्यांनी गावातल्या हातांचं काम टिकवलं.

आणि हे सोपं नव्हतं. १८८० च्या दशकात आल्फ्रेड बार्नार्ड यांनी याच गावात २१ डिस्टिलऱ्या मोजल्या होत्या. पुढे जास्त माल काढायच्या नादात दर्जा घसरला, अमेरिकेतली दारूबंदी आणि मंदी आली, आणि १९३० च्या दशकात दोनच उरल्या: स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. स्प्रिंगबँकसुद्धा १९७९ नंतर जवळपास आठ वर्षं बहुतांश बंदच होती. तरी कुटुंबाने ती बड्या कंपनीला विकली नाही. उलट १९२५ पासून बंद पडलेली शेजारची ग्लेनगाइल २००४ मध्ये पुन्हा सुरू केली.

आता कुणीतरी म्हणेल, "हातभट्टीने माणसं मरतात." मरतात, नक्की मरतात. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली. पण ती मोहाच्या फुलाने नाही, मिथेनॉलच्या भेसळीने गेली. जिथे परवाना नाही तिथे तपासणी नाही, आणि जिथे तपासणी नाही तिथे विष मिसळणाऱ्याचं फावतं. स्कॉचच्या बाटलीवर विश्वास बसतो कारण तिच्यामागे नियम आहे: ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं. असा नियम मोहासाठी करायला कुणी अडवलंय?

दुसरं कुणी म्हणेल, "दारूने घरं मोडतात, तुम्ही प्रचार करताय." घरं मोडतात हे खरंच. गडचिरोलीची बंदी लोकांच्या आंदोलनातून १९९३ ला आली, तिचा आदर आहे. म्हणूनच निर्णय ग्रामसभेचा असावा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी दिलीच आहे. नको म्हणणाऱ्या गावात नको. हवं म्हणणाऱ्या गावात मात्र फूल वेचणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवू नका.

गोव्याने हे करून दाखवलं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये तिथल्या सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. आणि आपण? २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. परदेशी बाटलीसाठी तत्परता बघा!

मागणी साधी आहे. छोट्या भट्टीला परवडणारा परवाना, तालुक्याला तपासणीची सोय, ग्रामसभेची संमती, आणि मोहाला स्वतःच्या नावाने विकायची मुभा. १८२३ मध्ये लंडनला जे सुचलं ते मुंबईला अजून सुचू नये?

स्कॉच पिणाऱ्यांनी खुशाल प्यावी. फक्त ग्लास उचलताना आठवावं, हीसुद्धा कुणाची तरी हातभट्टीच होती. तिला सरकार वेळेवर भेटलं, एवढंच.