रिकाम्याचं देणं

शंभर रुपये उसने घेतलेला माणूस आपण दिसलो की निदान शेजारच्या बोळात तरी वळतो. कोल्ड्रिंकचा क्रेट ठेवून घेतलेला माणूस मात्र त्याच क्रेटवर बसून हाक मारतो, "या पाव्हणं, चहा घ्या!" माझं भांडण या माणसाशी आहे.

आमच्या मेहुण्यांनी नारायणगाव ते मंचर पट्ट्यात २५ वर्षं कोल्ड्रिंकची एजन्सी चालवली. लोकांना वाटे, ते बाटल्या विकतात. छे! उन्हाळ्यात बाटल्या आपोआप विकल्या जातात. धंदा असतो तो रिकाम्या परत आणण्याचा. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेली, ती १९९३ साली परत आली. एवढी थोरली कंपनी १६ वर्षांनी का होईना परत येते. ओझरच्या लग्नाला गेलेला क्रेट येत नाही.

हिशेब तसा सरळ. क्रेटमध्ये २४ बाटल्या. भरलेला द्यायचा, रिकामा घ्यायचा, कमी पडेल तो वहीत गिऱ्हाइकाच्या नावावर. पैशाच्या वहीवर गिऱ्हाईक निमूट सही करी. क्रेटची वही उघडली, की "विश्वास नाही का आमच्यावर?" विश्वास आहे हो, १४ क्रेट नाहीत!

चैत्रात गावोगावचे कारभारी नारायणगावच्या राहुट्यांत येऊन यात्रेसाठी तमाशाची सुपारी देतात. फड गावात जातो, खेळ करतो आणि आपलं सामान मोजून निघतो. त्याच यात्रेला गेलेल्या क्रेटांना मात्र गावाचा लळा लागतो. एकावर पानवाला बसतो, दुसऱ्यावर पिठाचा डबा. बाटल्यांत रॉकेल, फिनेल, क्वचित मनीप्लँट. परत येते तिच्या तोंडाचा टवका उडालेला. "काचच ती, फुटायचीच!" आणि हाच गृहस्थ स्वतःचे टोमॅटोचे क्रेट बाजारात नेताना प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव घालतो अन् तीनदा मोजतो!

क्रेट कमी भरले की मेहुण्यांच्या अनामतीतून पैसे वजा होत. एका मोसमात ताईच्या पाटल्या गहाण पडल्या. उधारीपायी नव्हे, रिकाम्यापायी.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकाकडून डिपॉझिट घ्यायचं. घेऊन पाहिलं. डिपॉझिट भरलं, की माणूस क्रेट विकत घेतल्यासारखा वागतो. शिवाय जुन्नर-आंबेगावात परका कोण? घोडेगावात डिपॉझिट मागावं, तर ओतूरची मावशी रुसते.

"आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, कटकट मिटली," असं म्हणणाऱ्यांना भीमाशंकरच्या वाटेने पायी चालवावं, हातात पोतं देऊन. सरकारनेही २०१८ साली प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटलीवर परतीची किंमत छापायला सांगितलं. म्हणजे गाडी आली मेहुण्यांच्या वहीवरच! फरक एवढाच, की वहीत नाव असे. रस्त्यावरच्या बाटलीला कुणाचंच नाव नाही.

लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं हौसेनं छापता ना? छापा. त्याखाली यजमानांच्या सहीनिशी आणखी एक ओळ घाला : 'क्रेट उद्या सकाळी पोचते करू.'