म्हातारपण लांबवणारी गोळी? आधी विचारा!

‘पेशींचे रक्षण करा, तरुण राहा’ असे सांगत अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या आणि पावडरी मोबाइलवरून, ओळखीपाळखीतून वस्त्यांपर्यंत येतात. धरमतरपासून पेण-रोह्यापर्यंत हातावर पोट असलेल्या आपल्या घरांनी त्यावर पैसे घालावेत का? आमचे मत स्पष्ट आहे : घालू नयेत.

हा दावा आला कुठून? किरणोत्सर्गामुळे शरीरात ‘फ्री रॅडिकल’ नावाचे उपद्रवी कण तयार होऊन पेशींना इजा करतात. म्हातारपणही अशाच इजेतून येत असावे, असे अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहम हरमन यांनी १९५६ साली मांडले. किरणोत्सर्गापासून वाचवणारी रसायने त्यांनी उंदरांना खाऊ घातली. काही उंदरांचे सरासरी आयुष्य वाढलेही. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला : बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला!

मग ही रसायने निरुपयोगी आहेत का? तसेही नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने खारघरच्या टाटा संशोधन केंद्रासोबत तयार केलेली ‘अ‍ॅक्टोसाइट’ गोळी २०२५ साली आली. ओटीपोटाच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना होणारा त्रास कमी करण्यासाठी ती आहे. तारुण्य टिकवण्यासाठी नव्हे. किरणोपचाराची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना ठाऊक असते. म्हातारपण मात्र अनेक कारणांनी, आयुष्यभर हळूहळू येते.

आणखी एक इशारा. घरात कोणाचे किरणोपचार सुरू असतील, तर ‘ताकद येईल’ म्हणून अशी कोणतीही पावडर परस्पर देऊ नका. ती निरोगी पेशींबरोबर कर्करोगाच्या पेशींनाही वाचवू शकते. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आपल्या माणसांचे आयुष्य तंबाखू, मिशरी, दारू, न तपासलेला रक्तदाब आणि मधुमेह कमी करतात. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. पावडरीचे पैसे डाळ, अंडी, पालेभाजीवर खर्च करा. आणि गोळी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : माणसांवर चाचणी झाली का? पुरावा दाखवा!