विकत घेतलेले गाणे कोणाचे?

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून पूर्वापार ओळखले जाते. या गावातील एखाद्या कारागिराने घागर विकताना गिऱ्हाइकाला बजावले की, ‘हिच्यात पाणी भरायचे ते माझ्याच विहिरीचे, दुसऱ्या विहिरीवर नेलीत तर हिचे तोंड उघडणार नाही,’ तर गिऱ्हाईक त्याला वेडा ठरवून पुढच्या दुकानाकडे वळेल. परंतु हीच अट एखादी बलाढ्य कंपनी गाण्याच्या बाबतीत घालते, तेव्हा तिला ‘तंत्रज्ञान’ असे भारदस्त नाव मिळते आणि चांगली शिकलीसवरलेली माणसेही माना डोलावतात. आमच्याकडून घेतलेले गाणे आमच्याच यंत्रावर, आमच्याच ॲपमध्ये वाजेल. यंत्र बदललेत वा वर्गणी थांबवलीत तर ते मुके होईल, असा हा व्यवहार आहे. तो न्याय्य आहे काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

हे उत्तर केवळ पुस्तकी नाही. निवृत्तीनंतर थोडे संगीत ऐकावे म्हणून मी एका कंपनीची वार्षिक वर्गणी भरली आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने, काही भावगीते अशी दोन-अडीचशे गाणी फोनमध्ये उतरवून घेतली. ‘उतरवून घेतली’ हा माझा गोड गैरसमज. वर्ष संपले आणि यादीतील नावे तशीच राहिली, परंतु आवाज गेला. गाणी माझ्याच फोनमध्ये होती, त्यांनी जागाही माझीच अडवली होती. किल्ली मात्र कंपनीकडे होती. आपण भाडेकरू होतो, हे भाडेकरूला घर सोडण्याच्या दिवशी कळावे, अशातला हा प्रकार.

ही युक्ती नवी नाही. एडिसनसारख्या थोर संशोधकाने १९१२ साली बाजारात आणलेल्या तबकड्यांची खाच इतरांच्या तबकड्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीने कोरलेली होती. त्यामुळे त्या ऐकावयाच्या तर यंत्रही एडिसनचेच घेणे आले. आवाजाच्या दृष्टीने त्या उत्तम होत्या असे जाणकार सांगतात. तरीही गिऱ्हाइकांनी कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या तबकड्या पसंत केल्या आणि १९२९ साली एडिसनला हा धंदा गुंडाळावा लागला. याउलट, फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट आणली आणि तिचा नमुना इतर उत्पादकांना विनामूल्य वापरू दिला. परिणाम असा झाला की, कोणाचीही कॅसेट कोणाच्याही टेपरेकॉर्डरवर वाजू लागली.

या एका गोष्टीने आपल्या देशात केवढी उलथापालथ घडविली, ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. तोपर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे जवळजवळ एका ग्रामोफोन कंपनीची मिरासदारी होती. कोणाचा आवाज तबकडीवर चढावयाचा, हे कोलकात्यात आणि मुंबईत ठरत असे. १९८० नंतरच्या दशकात कॅसेट गावोगाव पोहोचली आणि ज्यांना तबकडीच्या बाजारात कोणी विचारले नव्हते, त्यांचा आवाज लोकांच्या घरात आला. भीमगीते दलित वस्तीवस्तीत वाजू लागली. खंजिरीवरची भजने आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि तिथे रात्र-रात्र दंडार व खडी गंमत रंगते; त्या लोककलांनाही टेप करून ठेवणारे श्रोते मिळाले. हे कोणा भांडवलदाराच्या औदार्यामुळे झाले नाही. कॅसेटला कुलूप नव्हते, म्हणून झाले. आज ती कॅसेट काढणारी कंपनी कदाचित बुडाली असेल, दुकानदार वारला असेल. पण फीत शाबूत असेल तर कोणत्याही टेपरेकॉर्डरवर ती आजही गाते. कोणाची परवानगी तिला लागत नाही.

आता आजच्या कुलपाकडे वळू. ॲपल कंपनीने २००१ साली आयपॉड हे यंत्र आणि २००३ साली आयट्यून्स हे गाण्यांचे दुकान काढले. दुकानातील गाण्यांना ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप होते. फेअरप्ले म्हणजे सचोटीचा खेळ. नावातला विनोद वाचकांच्या ध्यानात येईलच. खिशात घेऊन फिरावयाच्या यंत्रांपैकी हे गाणे फक्त आयपॉडवर वाजे. शंभर गाणी विकत घेतलेल्या माणसाला दुसऱ्या कंपनीचे स्वस्त यंत्र घ्यावेसे वाटले, तर शंभर गाण्यांवर पाणी सोडावे लागे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा दुकान बदलण्याचा दंड होय. गिऱ्हाईक जितके जुने आणि जितके निष्ठावंत, तितका दंड मोठा. मक्तेदारीचा नफा असा निष्ठेतूनच वसूल होतो.

‘कुलूप नसेल तर चोरी होईल आणि कलावंत उपाशी मरेल,’ असे या पद्धतीचे समर्थक सांगतात. कलावंताचा हा कळवळा खरा मानला, तरी युक्तिवाद टिकत नाही. त्याचे खंडन खुद्द ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनीच फेब्रुवारी २००७ मध्ये केले. त्यांनी आकडे दिले, ते असे : २००६ साली जगभर कुलूपबंद गाणी विकली गेली २ अब्जांहून कमी, आणि त्याच ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सीडीवर कुलपाविना गाणी विकली २० अब्जांहून अधिक. पुढचे दार सताड उघडे ठेवून मागच्या खिडकीला गज बसविल्याने चोर थांबतो काय? जॉब्ज यांनी कुलपाचा दोष ध्वनिमुद्रण कंपन्यांवर ढकलला आणि त्यात काही तथ्यही होते. पण त्यांची ही उपरती आपोआप झाली नव्हती. नॉर्वेच्या ग्राहक लोकपालाने याविरुद्ध कारवाई आरंभिली होती आणि फ्रान्सच्या संसदेत २००६ साली हा प्रश्न गाजला होता. अखेर जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सने सर्व गाण्यांची कुलपे काढण्याची घोषणा केली. मात्र ज्यांनी पूर्वी गाणी घेतली होती, त्यांच्याकडून कुलूप काढण्यासाठी दर गाण्यामागे ३० सेंट मागितले. स्वतःच घातलेली बेडी तोडण्याची मजुरी कैद्याकडून घ्यावी, त्यातलाच हा न्याय!

‘मग तर प्रश्न मिटला,’ असे कोणी म्हणेल. प्रश्न मिटलेला नाही, त्याने वेष पालटला आहे. गाणे विकण्याऐवजी आता ते महिन्याच्या भाड्याने देतात आणि भाड्याच्या गाण्याला कुलूप असणे स्वाभाविक मानले जाते. भाडे आहे हे स्पष्ट सांगितले, तर वयस्क माणसांनी आपखुशीने केलेल्या कराराविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘डाऊनलोड’ आणि ‘खरेदी’ हे शब्द वापरून भाडे आकारण्याविरुद्ध. एअरटेलचे विंक म्युझिक हे ॲप २०१४ साली सुरू झाले आणि २०२४ मध्ये बंद झाले. दहा वर्षे ज्यांनी त्यात आवडीची गाणी जमविली, त्यांचा संग्रह ॲपबरोबरच गेला. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेही २००८ साली आपल्या बंद पडलेल्या दुकानातील, पैसे देऊन घेतलेल्या गाण्यांना नव्या यंत्रावर किल्ली देणे थांबविण्याचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावरच मुदत वाढवली. कंपनी मेली की गाणे मेले. कॅसेटच्या बाबतीत असे कधी घडले नव्हते.

एक अडचणीचा दाखला माझे टीकाकार देतील, तो मीच देतो. फ्लिपकार्टने २०१२ साली ‘फ्लाइट’ नावाचे दुकान काढून कुलपाविना गाणी माफक दरात विकली आणि २०१३ साली ते बंद केले. म्हणजे कुलपाविना धंदा चालत नाही काय? पण त्या काळी पाच-दहा रुपये चुकते करण्याची सोपी सोय आपल्याकडे नव्हती. यूपीआय आले ते २०१६ साली. शिवाय तीच गाणी चोरून फुकट मिळत होती. विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप घातल्याने फुकटचे गाणे महाग झाले नसते. उलट, पैसे मोजणाऱ्या सज्जनाला चोरापेक्षाही वाईट माल मिळाला असता. कुलूप चोराला अडवीत नाही. ते प्रामाणिक माणसाला बांधून ठेवते.

आपला कायदा काय म्हणतो? २०१२ साली प्रताधिकार कायद्यात कलम ६५-अ घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हेतूची ही अट घालून आपल्या संसदेने अमेरिकेपेक्षा अधिक शहाणपण दाखविले, हे मान्य केले पाहिजे. खाजगी वापराला कायद्याची मनाई नाही. परंतु मनाई नसणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. तोडणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा किल्ली देण्याची सक्ती कंपनीवर करीत नाही. साकोलीचा शिक्षक किंवा पवनीचा विणकर आपल्या गाण्याचे कुलूप स्वतः कसे उघडणार? त्याच २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मानधनात समान वाटा मिळवून दिला. कलावंताचे पोट भरण्याचा खरा मार्ग हा आहे. त्याला हक्काचा वाटा हवा. श्रोत्याच्या पायातली बेडी त्याच्या काय कामाची?

तेव्हा मागणी काय करावयाची? पहिली गोष्ट, जे ‘विकले’ म्हणून सांगितले, ते कोणत्याही यंत्रावर वाजणाऱ्या स्वरूपात दिलेच पाहिजे. नाहीतर तो शब्द वापरू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे : केवळ परवाना देत असताना तसे न सांगता ‘खरेदी’ म्हणावयाचे नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे शक्य झाले, ते समाजवादाचा उल्लेख संविधानात करणाऱ्या देशाला अशक्य असावे काय? दुसरी, दुकान बंद करणाऱ्या कंपनीने विकलेली गाणी कुलूप काढून द्यावीत अथवा पैसे परत करावेत. तिसरी, एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणाऱ्या करारांवर २००२ च्या स्पर्धा कायद्याने अंकुश ठेवलेला आहे. स्पर्धा आयोगाने तो इथे चालवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, म्हणजे हात लांब आहे. प्रश्न इच्छेचा आहे. आणि चौथी, आकाशवाणीसारख्या सार्वजनिक संस्थांनी जनतेच्या पैशातून ध्वनिमुद्रित केलेले लोकसंगीत खुल्या स्वरूपात जनतेला द्यावे. ते कोणा कंपनीच्या कुलपाआड जाऊ देऊ नये.

गाण्याचा प्रश्न क्षुल्लक आहे, शेतकऱ्याच्या धानाला भाव मिळत नसताना याची चर्चा कशाला, असे काही मित्र म्हणतील. परंतु हेच कुलूप आज पुस्तकावर आहे आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवरही येऊ घातले आहे. अमेरिकेतील शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा हक्क मागत गेली काही वर्षे झगडत आहेत. मालकीच्या नावाखाली भाडेपट्टा लादण्याची ही रीत गाण्यापासून सुरू झाली, एवढेच. ती गाण्यापाशीच अडवली पाहिजे. येत्या मंडईत रात्रभर गाणाऱ्या शाहिराचे गाणे कोणाच्या तरी फोनमध्ये जाईल. ते पंचवीस वर्षांनी त्याच्या नातवाला ऐकता येईल की नाही, हे परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या मर्जीवर सोडावयाचे नसेल, तर आवाज आजच उठविला पाहिजे.