डाग थांबला आहे का?

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलीच्या पायावर किंवा ओठाच्या कडेला पांढरा डाग असतो आणि आई हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, वैशाखात मुहूर्त आहे. तोवर ऑपरेशन करून डाग जाईल का?" मी उलट विचारतो, "डाग शेवटचा कधी वाढला?"

कोडावर त्वचारोपण होते, हे खरे. मांडीवरून एक-दीड मिलिमीटरचे त्वचेचे गोल तुकडे काढून डागात बसवतात, भाताची रोपे अंतर सोडून लावावीत तसे. प्रत्येक तुकड्याभोवती रंग हळूहळू पसरतो. दुसऱ्या पद्धतीत डागाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा त्वचेचा पातळ पापुद्रा घेऊन त्यातील पेशी सुट्या करतात व खरवडलेल्या डागावर पसरतात. पहिलीत कातडी खडबडीत दिसू शकते. दुसरीला खर्च व साधने अधिक लागतात.

मात्र निदान वर्षभर डाग वाढलेला नसावा आणि अंगावर कुठे नवा उठलेला नसावा. रोग चालू असताना इजा झालेली जागाच पांढरी पडते. परकराच्या नाडीखाली कोड उठते ते यामुळेच. अशा वेळी घाई केली तर लावलेला रंग जातोच, शिवाय मांडीवर नवा डाग पडू शकतो. सगळे ठीक असले तरी रंग भरायला काही महिने जातात. बोटांची टोके आणि सांधे तर फारच हट्टी.

म्हणजे वैशाखाचा हिशेब बसत नाही. मला विचाराल तर स्थळाला आधीच सांगावे. कोड स्पर्शाने पसरत नाही. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावाने फार नुकसान केले. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही.

पायाच्या न भरणाऱ्या जखमेवरही त्वचा लावतात. १८६९ साली पॅरिसमध्ये रेव्हेर्दँ या सर्जनने त्वचेचे बारीक तुकडे जखमेवर ठेवून ती भरून येते हे दाखवले. तिथेही घाई नडते. लावलेली त्वचा खालच्या जखमेतूनच पोषण घेते. तिथे पू असेल, साखर वाढलेली असेल, शिरांची सूज उतरलेली नसेल, तर ती सुटून येते. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेचा तुकडा आधी तपासून घ्यावा. क्वचित त्यात कॅन्सर निघतो.

कोडासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना वर्षभरापूर्वीचे फोटो बरोबर न्यावेत. बारशातले, सहलीतले, कसलेही चालतील. डाग तेव्हा केवढा होता, हे त्यावरून कळते. शंका उरलीच तर डॉक्टर आधी चार-पाचच तुकडे लावून तीन महिने थांबतात. त्याला नाही म्हणू नये.