सागरेश्वरचे कुंपण आणि चांदोलीची वाघीण

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाच्या अरण्यात पकडलेली एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्यात आली. नव्या मुलखाची सवय व्हावी म्हणून तिला प्रथम चांदोलीच्या परिसरातील बंदिस्त आवारात ठेवले गेले. विदर्भातून तीन नर आणि पाच माद्या असे एकूण आठ वाघ येथे आणण्यास केंद्र सरकारने अनुमती दिलेली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाची घोषणा २०१० साली झाली. त्यानंतर दीर्घकाळ हा वाघाविना व्याघ्र प्रकल्प म्हणून थट्टेचा विषय झाला होता. त्यामुळे वाघिणीच्या आगमनाचे स्वागत उत्साहाने झाले यात नवल नाही. तथापि या उत्साहात एक साधा प्रश्न मागे पडला. ही वाघीण आणि तिच्यामागून येणारे वाघ खाणार काय?

वन्यजीवशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आलेला हिशेब असा, की एका वाघाला आठवड्याला साधारणपणे हरणाच्या आकाराची एक शिकार लागते. म्हणजे वर्षाकाठी सुमारे पन्नास. कळपांची वाढ कायम राहून एवढी शिकार व्हायची, तर एका वाघामागे सुमारे पाचशे खुरी जनावरे जंगलात असावी लागतात. आठ वाघांचा आकडा चार हजारांवर जातो. कोयना आणि चांदोलीच्या जंगलांत गवे, सांबरे, भेकरे, रानडुकरे आहेत. पण अतिपावसाच्या या सदाहरित पट्ट्यात मध्य भारतातील जंगलांसारखे चितळांचे मोठे कळप कधीच नव्हते. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नात वनखात्याची दृष्टी ज्या ठिकाणांकडे वळली, त्यांत सांगली जिल्ह्यातीलच सागरेश्वर अभयारण्य होते. तेथील चितळ पकडून चांदोलीत सोडण्याचे काम मागील काही वर्षांत झाले आहे.

सागरेश्वराची कथा महाराष्ट्रात आगळी म्हणावी अशी आहे. कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमेवरील हा डोंगर एके काळी जवळजवळ उघडाबोडका होता. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच्याच पायथ्याशी. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि लोकांच्या श्रमांतून येथे झाडे लागली, डोंगर हिरवा झाला, हरणे आणून सोडण्यात आली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. बारमाही पाणी नाही. आज तेथे दिसणारे चितळ, सांबर, काळवीट हे बहुतांशी माणसाने आणलेल्या जनावरांचे वंशज. भोवती कुंपण.

लोकांनी उभारलेले असे रान दुसरे क्वचितच सापडेल, आणि त्याबद्दल मोहिते यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. अडचण आहे ती वेगळीच. कायद्याच्या दृष्टीने सागरेश्वर हे अभयारण्य आहे, पण त्याची प्रकृती मोठ्या, मोकळ्या प्राणिसंग्रहालयाची आहे. अभयारण्याची कल्पना अशी, की निसर्गाचे चक्र आपोआप फिरेल आणि माणसाने होता होईल तो हात आखडता घ्यावा. पण येथे ते चक्र मुळातच अपुरे आहे. चितळाची मादी जवळजवळ दरवर्षी विते, आणि तिच्या पाडसांना आवरणारा शिकारी ज्या मोजमापाने असावा त्या मोजमापाने येथे नाही. कळप वाढतो, पण डोंगर वाढत नाही. उन्हाळ्यात गवत संपते, पाणवठे टँकरच्या भरवशावर राहतात. अंदमानात इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चितळ नेऊन सोडले, तेथेही त्यांना शिकारी नव्हता. त्या हरणांनी तेथील जंगलाच्या नव्या रोपांची जी वाताहत केली, तिची नोंद अभ्यासकांनी करून ठेवली आहे. अंदमानात निदान बेटांची संख्या मोठी. सागरेश्वराला तीही सवड नाही.

त्यातच कुंपणाबाहेरचे दृश्य पार बदलले. ताकारी उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी वर चढवले आणि एके काळी जोंधळ्यावर भागवणाऱ्या या भागात ऊस आणि द्राक्षे आली. आत मे महिन्यातला करपलेला डोंगर आणि बाहेर हिरवागार ऊस, अशा स्थितीत तारेतल्या फटी हरणांनी शोधल्या तर त्यांना दोष कोण देणार? आणि रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर बसणाऱ्या शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा, अर्ज, हेलपाटे यांत त्याचे जे दिवस जातात त्यांची भरपाई कोणत्याच तरतुदीत नाही.

या संदर्भात सांगलीच्या जुन्या सर्कसवाल्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पहिली देशी सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे हे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. हे गाव आज सागरेश्वराच्याच पलूस तालुक्यात मोडते. म्हैसाळच्या देवल मंडळींनी हा व्यवसाय पुढे गाजवला. त्या तंबूंतून वाघसिंहांचे जे हाल झाले त्यांचे समर्थन कोणी करू नये. केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली, हे योग्यच झाले. पण एक गोष्ट त्या मालकांना पुरती ठाऊक होती. पिंजऱ्यातल्या जनावराचे मांस, पाणी, आजारपण हे सारे आपल्याच खात्यावर आहे. ते दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. सरकारी कुंपणाच्या आत ही जाणीव अनेक खात्यांत वाटली जाते आणि वाटता वाटता नाहीशी होते.

प्राणिसंग्रहालयांच्या बाबतीत कायद्याने ही फट बुजवली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. तेव्हापासून मान्यताप्राप्त संग्रहालयाला आपल्याकडील प्रत्येक जनावराची यादी, जन्ममृत्यूंसह, ठरावीक मुदतीने प्राधिकरणाला सादर करावी लागते. पशुवैद्यक, खाद्य, आवाराचे आकारमान यांचे नियम आहेत. २००९ च्या नियमांनी ते अधिक काटेकोर केले. सागरेश्वर अभयारण्य असल्यामुळे यांतील काहीच त्याला बंधनकारक नाही. नियम लागू नसले, तरी त्यांतले शहाणपण उचलायला कोणाची परवानगी लागते?

चितळ चांदोलीत नेण्याने दोन्ही प्रश्न एकदम सुटतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथली गर्दी कमी, तेथली तूट कमी. प्रत्यक्षात हे गणित इतके सरळ नाही. हरीण हे अत्यंत घाबरट जनावर. धरपकडीत त्याच्या स्नायूंना असा धक्का बसतो, की ते काही तासांनी किंवा काही दिवसांनीही दगावते. आफ्रिकेतून आलेली ‘बोमा’ पद्धत यासाठीच वापरतात: नरसाळ्याच्या आकाराचे, आडपडदे लावलेले आवार उभारायचे, चाऱ्याच्या आमिषाने कळप आपखुशीने आत येऊ द्यायचा आणि माणसाचा हात न लागता तो थेट वाहनात जाईल अशी व्यवस्था करायची. मध्य प्रदेशात या पद्धतीने मोठ्या संख्येने चितळ हलविले गेले. तिला वेळ लागतो, सराव लागतो. वर्षअखेरीचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत ती साधत नाही. शिवाय मर्यादित कळपातून पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या जनावरांचे रक्त एकाच घरचे असण्याचा धोका असतो, आणि गुरांच्या शेजारी राहिलेल्या हरणांबरोबर लाळ्या-खुरकुतासारखे रोगही प्रवास करू शकतात. तपासणीवाचून एकही जनावर गव्यांच्या राज्यात जाता कामा नये.

आणि सागरेश्वराच्या या लहानशा डोंगरावरचा कळप कितीही फुगला, तरी चार हजारांच्या हिशेबात तो कोठे बसणार? तो बियाणे ठरू शकतो, रोजचा शिधा नव्हे. बियाणे रुजायला जमीन तयार लागते. चांदोलीतून उठून गेलेल्या गावांच्या मोकळ्या शेतजमिनींवर आज गवत आहे. चितळाला असाच उघडा, गवताळ मुलूख मानवतो. ही कुरणे झुडपांनी आणि रानमोडीने गिळली, तर आणलेले चितळ धरणकाठच्या शेतांकडे सरकतील आणि त्यांच्यामागून वाघ. शिराळा आणि पाटण तालुक्यांतील गावकऱ्यांनी धरणांसाठी, मग अभयारण्यासाठी आपली घरे सोडली. आपल्या जुन्या गावठाणावरचे गवत नीट राखले जाते की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

वनखात्याने करायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. सागरेश्वरातील हरणांची गणना दरवर्षी एकाच पद्धतीने व्हावी आणि तिचे आकडे जन्ममृत्यूंसह जाहीर व्हावेत. डोंगराला किती जनावरे पेलतात याचा अंदाज तज्ज्ञांकडून घेऊन त्यावरचीच हलवावीत, आणि पाठवलेल्यांपैकी वर्षानंतर किती जगली हेही सांगावे. वनाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी शासनाची वन अकादमी पलूस तालुक्यात, सागरेश्वराच्या शेजारच्या कुंडल येथेच आहे. गणनेचे आणि कुरणांच्या पाहणीचे काम तेथील प्रशिक्षणार्थींकडे सोपवण्यास काही अडचण दिसत नाही. उरलेले वाघ विदर्भातून निघण्यापूर्वी पहिली गणना पुरी व्हायला हवी.