ख्रिस्ती असणं नेमकं कशावरून ठरतं? बाप्तिस्मा, चर्च की आणखी काही? केडगावच्या पंडिता रमाबाईंचं उत्तर समजून घ्या

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात पुदुच्चेरीचं एक प्रकरण निकाली निघालं. एका महिलेला सरकारी नोकरीसाठी अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र हवं होतं. मी हिंदू आहे, असं तिचं म्हणणं. कोर्टानं पाहिलं ते लहानपणी झालेला बाप्तिस्मा आणि चर्चमध्ये नियमित जाणं. प्रमाणपत्र मिळालं नाही.

आपल्याकडे हा विषय लांबचा नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. नगर-सोलापूर पट्ट्यातल्या अनेक दलित कुटुंबांनी मिशनच्या काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या नातवंडांसाठी ‘ख्रिस्ती कोण’ हा प्रश्न थेट जातीच्या दाखल्याचा आहे.

कायद्याला दाखवता येईल असा पुरावा लागतो, हे मान्य. पण ख्रिस्ती म्हणून जगायला काय लागतं, हे त्या पुराव्यावरून कळत नाही. त्याचं एक उत्तर आपल्याच रेल्वे लाईनवर आहे. जेऊर स्टेशनवरून पुण्याच्या गाडीत बसलात की दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं.

बाप्तिस्मा घेतला, पण वाद संपले नाहीत

रमाबाई संस्कृतच्या पंडिता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला होता. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या सिस्टर्स मायेनं सांभाळत होत्या. असं काम त्यांनी आधी कुठं पाहिलं नव्हतं. येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना तिथंच समजली.

बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या असतील असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. मांसाहार त्यांनी केला नाही. साडी सोडली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, यावरून त्या सिस्टर्सशी भांडल्या. धर्मगुरू सांगतील ते मुकाट मानायलाही तयार नव्हत्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. आजही कुणी ख्रिस्ती झालं की आपण आधी नाव, जेवण आणि कपाळ बघतो. रमाबाईंनी यातलं बरंचसं १८८३ मध्येच बिनमहत्त्वाचं ठरवलं होतं.

मग महत्त्वाचं काय?

इथं मला समाजसुधारकांवरच्या आपल्या पुस्तकांशी वाद घालायचा आहे. ती रमाबाईंची सेवा सांगतात आणि श्रद्धा गाळतात. रमाबाईंना हे पटलं नसतं. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त नाही. म्हणजे बाप्तिस्मा झाला होता, मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झालं होतं, सेवा चालू होती. तरीही त्यांच्या लेखी मुख्य गोष्ट राहिली होती. ती म्हणजे ख्रिस्तावर स्वतःचा, थेट विश्वास.

या विश्वासाची किंमतही पडली. सदन पुण्यात आल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती मला अगदीच निराधार वाटत नाही, सदन धर्माबाबत तटस्थ राहील असाच शब्द होता. पण प्रार्थना दार लावून करायला रमाबाई तयार नव्हत्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई शिकवली. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवलं. विश्वास आणि ही कामं त्यांच्या आयुष्यात वेगळी काढताच येत नाहीत. माझ्या मते त्यांचं उत्तर हेच आहे. नुसता विश्वास फुलहॅमला दिसला नसता आणि नुसत्या सेवेनं त्यांचं स्वतःचं समाधान झालं नाही.

बाप्तिस्मा न घेतलेल्यांचं काय?

हा प्रश्न रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आणखी पुढे नेला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे अनुयायी, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, सगळ्यांना तिथं जागा होती. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये टिळक गेले. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्म्याशिवाय बसता आलं असतं. तहसील कचेरीत मात्र तोच बाप्तिस्मा अजून निर्णायक पुरावा ठरू शकतो.