उत्तराला बांधील

२१ एप्रिल हा नागरी सेवा दिन. १९४७ साली याच तारखेला दिल्लीतील मेटकाफ हाउसमध्ये सरदार वल्लभभाई पटेल भारतीय प्रशासन सेवेच्या पहिल्या तुकडीपुढे बोलले. नि:पक्षपातीपणा सोडू नका, सचोटीला डाग लागू देऊ नका, हा त्या भाषणाचा गाभा होता. २००६ पासून केंद्र सरकार हा दिवस साजरा करते. चांगले काम केलेल्या अधिकाऱ्यांचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. टंचाईच्या दिवसांत टँकर वेळेवर पोहोचवणारा तहसीलदार किंवा पुराच्या रात्री अख्खे गाव हलवणारा प्रांताधिकारी कौतुकाला पात्र आहेच. परंतु सचोटीची हमी गौरव समारंभातून मिळत नाही. कारभाराला प्रश्न विचारण्याचा हक्क आणि त्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन या दोहोंतून ती मिळते. हा हक्क भारतीय प्रशासन सेवेहून अर्धशतकाने जुना आहे आणि आज त्याला ओहोटी लागली आहे. त्याची आठवण करून देण्यास नागरी सेवा दिनाइतका योग्य दिवस नाही.

१८९२च्या कौन्सिल कायद्याने हिंदी सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची पहिली मुभा मिळाली. त्याप्रमाणे १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधील भिंग्याच्या राजांनी या देशातील कायदेमंडळातला पहिला प्रश्न विचारला. तो युद्धाबद्दल नव्हता, करांबद्दलही नव्हता. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या छावण्यांना सामानसुमान पुरवण्याच्या पद्धतीमुळे खेड्यातील दुकानदारांना जो जाच होतो, त्याबद्दल तो होता. साहेबाची छावणी गावाबाहेर पडली की तिची तजवीज गावाने करायची आणि भुर्दंड वाण्या-दुकानदारांनी सोसायचा, अशी ती तक्रार होती. काँग्रेस तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती, मतदार म्हणावा असा सामान्य माणूस कुठेच नव्हता. तरीही परक्या सत्तेला जो पहिला सवाल केला गेला, तो सरकारी अधिकाऱ्याच्या वागणुकीचा होता. त्यावर उपप्रश्न विचारायची सोय मात्र नव्हती. ती १९०९च्या सुधारणांनी, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला मिळाली. सभागृहाचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला तो १९२१ पासून. आज अकराच्या ठोक्याला लोकसभेत सुरू होणारा प्रश्नोत्तराचा तास असा एकेक पायरी चढत आलेला आहे. तो कोणी दान दिलेला नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक तालुक्यातील पाणीपुरवठा योजनेत गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? चार पोटप्रश्नांत एका कारभाराची पूर्ण झडती होऊ शकते. उत्तरांचाही साचा ठरलेला आहे: ‘हे खरे आहे’, ‘अंशत: खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘चौकशी सुरू आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर दिले की पुढचे सगळे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत निकाली निघतात. म्हणून पहिले उत्तर खरे असणे, हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे.

आता हे उत्तर तयार कसे होते ते पाहा. प्रश्न विधानमंडळ सचिवालयाकडून संबंधित विभागाकडे येतो, तिथून कार्यासनाकडे, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे. खालून माहिती येते, कक्ष अधिकारी मसुदा करतो, मग तो अवर सचिव, उपसचिव, सचिव या क्रमाने वर चढून मंत्र्यांच्या मान्यतेला जातो. म्हणजे ज्या कार्यालयाच्या वर्तनाबद्दल विचारणा झाली, त्याच कार्यालयाने पुरवलेल्या माहितीवर उत्तराची भिस्त असते. इथे प्रामाणिक माणूस बसलेला असेल तर उत्तर खरे येते. नसेल तर शब्द बेताने निवडले जातात, तारखा गळतात आणि सभागृहात उभे राहून मंत्री अर्धसत्य वाचतात, कधी कधी स्वत:च्याही नकळत. त्यावरचा उपाय म्हणजे उपप्रश्न. छापील उत्तरात जे टाळले ते उपप्रश्नात गाठता येते. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तरासाठी २० तारांकित प्रश्न लागतात आणि त्यांतले मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला की उरतात ती लेखी उत्तरे, आणि लेखी उत्तराला उपप्रश्न नसतो. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात महासाथीचे कारण देऊन हा तासच रद्द झाला आणि केवळ लेखी उत्तरांवर भागवले गेले. तास बुडवणारे बाक कोणतेही असोत, फायदा ज्याला उत्तर द्यायचे नाही त्याचाच होतो.

नेटाने विचारलेला प्रश्न काय करू शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. विमेदारांचा हा पैसा महामंडळाच्या गुंतवणूक समितीला डावलून गुंतवला गेला होता. लोकसभेत त्यावर प्रश्न आले. सरकारी उत्तरांनी समाधान होईना. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी सभागृहात कागदोपत्री पुराव्यांनिशी तो व्यवहार उघडा केला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. या प्रकरणी प्रश्न विचारणारे राम सुभग सिंह हेही सत्ताधारी बाकावरचेच. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत झाली, बंद दाराआड नव्हे तर लोकांच्या देखत. गर्दी मावेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. देशाचे अर्थमंत्री, अर्थसचिव, महामंडळाचे अधिकारी यांना साक्ष देताना सामान्य विमेदारांनी ऐकले. १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल आला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत काही महिने पुरले.

छागलांच्या अहवालातील दोन तत्त्वे आजच्या दिवशी मुद्दाम सांगण्याजोगी आहेत. सचिवाने केले ते माझ्या संमतीवाचून केले, असे म्हणून मंत्र्याला हात झटकता येत नाहीत, हे पहिले. आणि अडचणीची गोष्ट बाहेरून कळण्याआधी सरकारने स्वत:हून, वेळीच, सर्व कागदांसह संसदेला विश्वासात घ्यावे, हे दुसरे. त्यानंतर संबंधित अधिकाऱ्यांच्या वर्तनाची वेगळी चौकशी झाली. तिचे प्रमुख होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि एके काळचे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. म्हणजे मंत्र्याची जबाबदारी वेगळी तपासली गेली आणि अधिकाऱ्याचे वर्तन वेगळे. एकाच्या आड दुसऱ्याला लपू दिले नाही.

या व्यवस्थेत एक करार दडलेला आहे. अधिकारी सभागृहात बोलू शकत नाही, स्वत:चा बचाव मांडू शकत नाही. त्याच्या वतीने मंत्री उत्तर देतो. त्याबदल्यात अधिकाऱ्याला राज्यघटनेच्या ३११व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. चौकशी करून, म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून त्याला बडतर्फ करता येत नाही. हे संरक्षण त्याने वरिष्ठाला न घाबरता खरे सांगावे यासाठी आहे, चूक पचवण्यासाठी नव्हे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८च्या वर्तणूक नियमांत सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा आधीपासून होती. २०१४च्या दुरुस्तीने राजकीय तटस्थता, उत्तरदायित्व आणि पारदर्शकता याही गोष्टी स्पष्ट शब्दांत आल्या. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात बजावले की, तोंडी आदेशांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, असे आदेश लेखी नोंदले जावेत. ही नोंद अधिकाऱ्याची ढाल आहे आणि नागरिकाचा पुरावाही आहे. तोंडी आदेश पाळला की उद्या सभागृहात प्रश्न आल्यावर नस्तीत काहीच सापडत नाही. आदेश कोणी दिला हे मंत्री सांगत नाही, अधिकारी सांगू शकत नाही आणि सभागृहाला कळत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याचे हातही स्वच्छ हवेत. १९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे उघड झाले आणि त्यांना जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये याच कारणासाठी दोन्ही सभागृहांच्या ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. विकलेला प्रश्न हा दडवलेल्या उत्तराइतकाच घातक, कारण त्यामुळे प्रामाणिक प्रश्नालाही ‘यामागे कोण आहे’ अशी शंका चिकटते.

याच २००५ साली, १२ ऑक्टोबरला, माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा देशभर लागू झाला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राने त्याआधीच आपला कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ८(१)(ञ)ला एक परंतुक जोडलेले होते: जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमच्या मते स्वतंत्र भारतात लिहिल्या गेलेल्या कायद्यांतले हे सर्वांत लोकशाहीवादी वाक्य होते. आमदाराने तारांकित प्रश्नात जे विचारावे, ते दहा रुपयांचे तिकीट लावून गावातल्या शेतकऱ्यालाही विचारता यावे, एवढी त्याची झेप होती. न्यायालयांनी त्याला पुरते बळ दिले नाही. अकोल्यातील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षा यांची माहिती मागितली गेली, तेव्हा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैयक्तिक माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवल्यासच ती देता येईल, असे म्हटले. तरीही जनहिताचा तो दरवाजा कलमातच उघडा होता आणि परंतुकही शाबूत होते.

आता दोन्ही गेली. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे कलम बदलले आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही, एवढेच त्यात उरले. जनहिताची अट गळाली, परंतुक गळाले. सरकारचे म्हणणे असे की, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे आणि कलम ८(२) अजून आहे, त्यानुसार जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. खासगीपणाचा मुद्दा खरा आहे. अधिकाऱ्याचा आजार, त्याचे घर, त्याची मुले यांच्याशी जनतेला कर्तव्य नाही. पण रजा न टाकता दप्तर बंद ठेवल्याबद्दल झालेली शिक्षा, खोटे बिल मंजूर केल्याबद्दलची चौकशी, हे खासगी कसे? लोकसभेचा नियमही प्रश्नकर्त्याला हीच सीमा घालतो: व्यक्तीच्या वर्तनाबद्दल विचारा, पण ते तिच्या अधिकृत किंवा सार्वजनिक पदाशी निगडित असले पाहिजे. इतकी नेमकी रेषा सभागृहाला आखता येते, तर कायद्यालाही येते. आणि कलम ८(२)चे म्हणाल, तर जनहित मोठे आहे हे आता नागरिकाने पटवायचे आहे, तेही त्याच कार्यालयातील माहिती अधिकाऱ्याला, मग त्याच कार्यालयातील वरिष्ठाला, आणि त्यानंतर आयोगाच्या दारात ताटकळून.

संसदेने ते परंतुक कायद्यात परत घालावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. तोवर जबाबदारी सभागृहातील सदस्यांवर येते. नागरिकाला जे नाकारले गेले ते आमदार-खासदारांनी त्याच्या वतीने विचारावे. त्यासाठी प्रश्नोत्तराचा तास चालू द्यावा. ‘चौकशी करू’, ‘कारवाई करू’ असे मंत्र्याने सांगितले की ते आश्वासन ठरते. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून समिती आहे, तीन महिन्यांची मुदत आहे. राज्यातील समितीनेही प्रलंबित आश्वासनांची यादी दर अधिवेशनात विभागवार जाहीर करावी. महाराष्ट्राच्या २००५च्या दप्तरदिरंगाई प्रतिबंधक कायद्यानुसार कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये. या मुदतीच्या उल्लंघनाबद्दल किती जणांवर कारवाई झाली, हा प्रश्न एखाद्या आमदाराने तारांकित म्हणून लावावाच.

आणि आज ज्यांचा दिवस आहे त्या अधिकाऱ्यांना आमचे सांगणे आहे. तुमच्या टेबलावर येणारा सभागृहाचा प्रश्न म्हणजे तुमच्यावरचा आरोप नव्हे. ज्यांच्या करातून तुमचा पगार होतो त्यांनी रीतसर केलेली ती विचारणा आहे. मसुद्यात पूर्ण माहिती लिहा, तोंडी आदेश नस्तीवर घ्या, गैरसोयीची तारीख गाळू नका. मंत्री येतील-जातील, सभागृहाच्या पटलावर ठेवलेले उत्तर कायम राहते, आणि ते खरे होते की नाही, यावरूनच तुमच्या सेवेची किंमत ठरेल.